बेडकीचं बारसं

“पिल्लू आहे हे,” आठल्ये सर म्हणाले आणि त्यांनी डबी माझ्याकडे परत सरकवली. “नेहमीच्या झुडपी बेडकाचं पिल्लू. सोडून दे.”

मी डबीत पाहिलं. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा जीव, ओल्या मातीच्या रंगाचा, पाठीवर दोन फिकट रेघा. याच्यासाठी मी तीन दिवस कारवीच्या झुडपांतून गुडघ्यांवर रांगले होते. गुडघ्यांची सालं निघाली होती आणि जळवांनी पोटभर जेवून घेतलं होतं.

“सर, पण आवाज वेगळा आहे. काचेवर कुणी नखाने टिचक्या माराव्यात तसा.”

“लहानपणी सगळ्यांचेच आवाज वेगळे असतात, खांबेटे.”

हे १९८६ सालच्या ऑगस्टमधलं. मी सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून आले होते, आणि एखादी नवी जात शोधल्याशिवाय या जन्मातून जायचं नाही असं ठरवून बसले होते. सर माझे मार्गदर्शक. अठ्ठावन्न वर्षांचे, अविवाहित, आणि शंका हाच त्यांचा मुख्य आहार. कोयनेच्या पलीकडच्या डोंगरात आंबेघोळ म्हणून वीसेक घरांची वाडी होती, तिथे नकूआक्काच्या पडवीत आमचा मुक्काम होता. आक्का पंचेचाळिशीची, एकटी राहायची. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच वारला होता. आम्हाला भाकरी करून घालायची आणि आमच्या डब्या-बाटल्यांकडे, शेजारच्या घरातलं भांडण बघावं तशी, गुपचूप मजेने बघायची.

त्या वेळी ती चहा घेऊन आली होती. तिने डबीत वाकून पाहिलं.

“ह्याला पोर कोन म्हनलं?”

“सर म्हणाले.”

“सरास्नी किती पोरं हायती?”

“एकही नाही. लग्नच केलं नाही त्यांनी.”

“तरीच,” आक्का म्हणाली.

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आक्काने चहा खाली ठेवला, हात पदराला पुसला आणि बेडकीला दोन बोटांत अलगद धरून दाराच्या उजेडात नेलं. तिथे तिने ती उलटी केली.

“बगा.”

पोटाची कातडी इतकी पातळ होती की आतलं सगळं दिसत होतं. आत मोहरीएवढे पांढरे दाणे होते. एकाला एक लागून.

“गाभण हाय ही,” आक्का म्हणाली. “पोरीला कुटं पोर असतं? ही पोर न्हाई, सर. ही आई हाय. हिची जातच येवढी.”

सरांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला. मग पहिला काढून त्या दुसऱ्यावर धरला. मी दाणे मोजले, अकरा भरले. सरांनी ते पुन्हा मोजले. मग म्हणाले, “खांबेटे, माझी वही आण.” आमच्या प्राणिशास्त्र विभागात याचा अर्थ तोफांची सलामी असा होता.

दुपारी आक्का आम्हाला वरच्या पाणवठ्याकडे घेऊन गेली. कारवीच्या बुंध्याशी शेवाळ होतं, ते तिने भाजीची जुडी उकलावी तसं बाजूला केलं. आत अंड्यांचा पुंजका होता आणि एकेका अंड्यात पूर्ण तयार झालेली, चार पायांची बेडकी अंग मुडपून बसली होती. पाणी नाही, डबकं नाही, शेपटीचा पत्ता नाही.

“हिची पोरं शेपटीवाली नसत्यात,” आक्का म्हणाली. “बेडकी हूनच भाईर पडत्यात.”

अशा काही जाती असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि शेवाळाखाली बघणं वेगळं. मला रडू आलं. सरांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि स्वतः ढगांकडे बघत बसले.

पुढचा भाग मला नीट सांगता येत नाही, पण सांगायला हवा. नवी जात जाहीर करायची तर नमुना लागतो. एक तरी जीव बाटलीत, कायमचा, संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या माणसाला ताडून बघता येतं. मी हे आक्काला समजावून सांगितलं.

“म्हंजी नाव ठेवायला मारावं लागतंय?”

“हो.”

“आमच्याकडं जित्या मानसालाच नावं ठेवत्यात,” आक्का म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मग तिने डबी उचलली. “मारा. तुमचं तुमास्नी म्हाईत. पर ही गाभण सोडा. दुसऱ्या न्या.”

शास्त्राच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोलाची होती. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “सोडा. आपण तिचं चित्र काढून घेऊ.” मी चित्र काढेपर्यंत आक्का डबीवर हात धरून बसली, आणि मग स्वतः जाऊन बेडकीला होती तिथे ठेवून आली. आम्ही दुसऱ्या पाच नेल्या.

तो हिवाळा मोजमापात गेला. डोक्याची रुंदी, मांडीची लांबी, बोटांची टोकं, पाठीच्या रेघा. सरांनी पाच संग्रहालयांना पत्रं लिहिली, जुने नमुने मागवून घेतले, आणि माझ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. जानेवारीत एके दिवशी प्रश्नचिन्हं संपली. सर म्हणाले, “नवीन आहे. नाव तू ठेव.”

मला विचार करावाच लागला नाही. वाडीत सगळे तिला नकूआक्का म्हणायचे. नकू म्हणजे नकुला, हे मी माझं मीच ठरवून टाकलं होतं. माझ्या आत्याच्या शेजारी एक नकुला होती, तेवढा पुरावा मला पुरला. लॅटिनमध्ये बाईचं नाव द्यायचं तर शेवटी ‘ए’ लावतात. नकुलाए! मी सगळा लेख टाइप करून टाकला. कार्बन घालून तीन प्रती, आणि प्रत्येक प्रतीत ते नाव तेवीस वेळा.

सरांनी लेख वाचला. शेवटच्या पानावर थांबले.

“बाईंना विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय, सर? खूश होतील.”

“नाव तिचं आहे. जा, विचारून ये.”

“दोन दिवस जातील सर. दुसऱ्या कुणी आधी छापलं तर?”

“तर त्यांचं नाव चालेल आणि आपलं जाईल. म्हणूनच म्हणतो, लवकर जा.”

म्हणून फेब्रुवारीत, एका पिशवीत लेख आणि एका पिशवीत आक्कासाठी चोळीचा खण घेऊन, मी एसटीने पायथ्यापर्यंत आणि तिथून दोन तास चढून आंबेघोळला गेले. कारवी वाळून करडी झाली होती. पाणवठ्यावर ओल तेवढी उरली होती. आक्का अंगणात हिरडे वाळत घालत होती.

“ताई! एकल्याच? सर कुटं?”

“सर पुण्यात. मी बारशाला आलेय, आक्का. बेडकीचं नाव ठेवायचंय.”

हे मी गमतीने म्हटलं होतं. पण आक्काने ते गमतीत घेतलं नाही. तिने हिरडे तसेच टाकले, हात धुतले, आणि चुलीवर हरभरे शिजायला घातले.

“हे कशाला?”

“बारसं म्हनलं की घुगऱ्या नगंत? आन् आत्या कोन? नाव आत्यानं कानात सांगायचं असतंय.”

“आत्या मीच,” मी म्हणाले.

हरभरे शिजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. मग तिने मीठ, खोबरं घालून परातीत घुगऱ्या आणून ठेवल्या आणि पाय दुमडून, पदर सारखा करून माझ्यासमोर बसली. मी लेख बाहेर काढला. गळा साफ केला. अशा क्षणांची मी आरशासमोर तालीम केलेली होती.

“आक्का, ही बेडकी आजवर जगात कुणालाही माहीत नव्हती. तुम्ही दाखवलीत. म्हणून तिला तुमचं नाव दिलंय. नकुलाए.”

“नकुला?” आक्काने मागे वळून पाहिलं, जणू दारात कुणी आलंय. “ही कोन?”

“तुम्ही!”

“मी नकुला न्हाई ओ ताई.” आक्काला हसू आवरेना. “मी नकुसा.”

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पुणेरी डोक्यात उजेड पडला नाही. शास्त्रज्ञाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे चूक दुरुस्त करायची. मी पेन काढलं. रोमन लिपीत नकुलाए आणि नकुसाए यांत एकाच अक्षराचा फरक, एल खोडून एस केला की झालं. मी पहिल्या पानावर तो केलाही.

“सॉरी हं आक्का. बरं झालं विचारलं. बघा, नकुसाए. आता बरोबर.”

आक्का त्या अक्षराकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण खोडलेलं आणि वर लिहिलेलं कुणालाही कळतं.

“हे छापनार?”

“हो. जगभर जाईल.”

“आन् मागनं बदलायचं म्हनलं तर?”

इथे मी जे बोलले ते आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. मी अभिमानाने म्हणाले, “नाही बदलता येत! तीच तर गंमत आहे. एकदा छापलं की शंभर वर्षांनीही कुणाला हात लावता येत नाही. तुम्ही नसाल, मी नसेन, पण हे नाव राहील.”

आक्काने घुगऱ्यांची परात बाजूला सरकवली.

“मग माजं नगा घालू.”

“का?”

तिने परातीतला एक हरभरा उचलला आणि दोन बोटांत फिरवत राहिली.

“आमी पाच भनी. मी पाचवी. माज्या येळंला आत्या बारशाला निगाली हुती, बांधावर तिला कळलं पुन्ना पोरगीच झाली, तर ती तितूनच माघारी ग्येली. पाळना न्हाई, घुगऱ्या न्हाई. आजी म्हनली, देवाला सरळच सांगा, नगं असली तर नगंच म्हना. नकुसा म्हना. म्हंजी फुडचा पोरगा हुईल.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मग झाला?” मी विचारलं.

“झाला की. नाव लागू पडलं.” आक्का म्हणाली. “पर काम झाल्यावर नाव माघारी कुनी न्हेलं न्हाई. ते माज्याकडंच ऱ्हायलं.”

“लग्नात बदललं नाही?”

“शाळंतल्या बाई सांगायच्या, लगनात नवरा ताटात तांदूळ पसरतो आन् बोटानं नवं नाव लिवतो. मी दोन यत्ता शाळंत ग्येले, तेवडं मातुर ध्येनात ठेवलं. एक नाव मनात धरून बसले. लगीन झालं. ताट न्हाई न् तांदूळ न्हाई. आमच्यात ती रीत न्हाई. आन् आमच्या मालकास्नी लिवायला तरी कुटं येत हुतं!”

ती हसली. मी हसले नाही. माझ्या मांडीवर तो लेख होता आणि त्यावर माझ्या हातचा तो ‘एस’. तेवीस वेळा नको, नको, नको, आणि तेही जग संपेपर्यंत. आजी निदान अडाणी होती. मी तर पदव्या घेऊन तेच करायला निघाले होते.

मला इतकी लाज वाटली की मी तिचा हातच धरला. “आक्का, माझं चुकलं. खरंच चुकलं.”

“तुमी कशाला रडता? तुमी काय माजी आजी हाय?”

मी डोळे पुसले. मग विचारलं, “मनात धरलेलं नाव कोणतं?”

“जाऊ द्या.”

“सांगा की.”

“कुनाला सांगितलं न्हाई. येक डाव बोलले हुते तेवडंच. पालीच्या जत्रंत कासाराकडं बांगड्या भरायला बसले, लगनाच्या आदी. त्यानं इचारलं, पोरी नाव काय तुजं? मी खोटंच सांगितलं. त्यो बांगड्या भरस्तवर त्याच नावानं हाका मारत हुता. हात ढिला सोड, अमकी. अंगठा मुडप, अमकी. दोन डझन भरल्या मी. उगा येळ काडायला.”

“मग तेच नाव देऊ या.”

आक्काने माझ्याकडे पाहिलं.

“ते माजं न्हाई. खोटं हाय.”

“कासाराने हाका मारल्या. तुम्ही ओ दिलीत. अजून खरं कसं असतं?”

ती उठली, आत गेली, देवापुढची हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. मला कुंकू लावलं, लेखाच्या पहिल्या पानालाही लावलं, अगदी त्या खोडलेल्या अक्षरावर. माझ्याजवळ सरकली. तिच्या तोंडाला खोबऱ्याचा वास येत होता. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि आधी “कुर्र...” केलं, जसं आत्या करते, आणि मग नाव सांगितलं.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपके घालायची रीत आहे. आत्या आता तीच झाली होती, म्हणून मी तिच्या पाठीवर हात मारला.

“जोरात!” आक्का ओरडली. “बारशाला गोंजारत्यात व्हय?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांसमोर उभी होते. त्यांनी पहिल्या पानावरचं कुंकू पाहिलं आणि चष्मा बदलला.

“मंजुलाए,” त्यांनी वाचलं. “मंजुळा कोण?”

“ज्यांनी गाभण बेडकी दाखवली त्या. मंजुळाबाई, आंबेघोळ.”

“त्यांचं नाव तर दुसरं होतं ना?”

“ते त्यांना नको होतं, सर.”

सरांनी पेन्सिल उचलली. नावाच्या उगमाच्या परिच्छेदात खोटं लिहिलेलं त्यांनी जन्मात खपवून घेतलं नसतं. “अशी बाई आहे? नक्की?”

“आहे.”

“विचारलंस?”

“त्यांनीच सांगितलं. कानात.”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली, पेन घेतलं आणि सही केली. मी रात्रंदिवस बसून तिन्ही प्रती पुन्हा टाइप केल्या. सुदैवाने कुणी आमच्या आधी छापलं नाही. वर्षभराने लेख आला, तेव्हा मी त्याची एक प्रत आक्काला टपालाने पाठवली. नावाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मंजुळा’. सोबत उत्तरासाठी एक पोस्टकार्डही घातलं होतं, माझा पत्ता लिहून. ते कधी परत आलं नाही.

त्यानंतर मी आंबेघोळला एकदाच गेले. तेव्हा आक्का भावाकडे गेलेली होती, घराला कडी होती. पाणवठ्यावर मात्र काचेवर टिचक्या वाजत होत्या. पुढे नोकरी, विद्यार्थी, आईचं आजारपण. सर गेले. दर पावसाळ्यात जायचं म्हणायचे आणि दर पावसाळ्यात कुठलं तरी काम आडवं यायचं. त्या लेखाने मला नोकरी दिली, नाव दिलं, आणि मी तिच्याकडे एक चोळीचा खण ठेवून आले होते. मनाला हे टोचत राहिलं.

मग २०११ साली, पावसाळा संपता संपता, विभागातला फोन वाजला.

“खांबेटे मॅडम का? तालुक्यावरनं बोलतोय. हितं आज मुलींची नावं बदलायचा कार्यक्रम हाय. नकुसा नावाच्या मुली, शाळंतल्या. त्यात एक म्हातारी येऊन लाइनीत हुबी ऱ्हायलीया. हलंना झालीया. कागद मागितला तर इंग्रजी कागद दिला. त्यावर बेडकाचं चित्र हाय, मॅडम. खाली तुमच्या कॉलेजचं नाव हाय.”

मी खुर्चीचा हात धरला. “लाल पेन्सिलीची रेघ आहे का त्यावर?”

“हाय. पार मळलाय कागद, पर रेघ हाय. ही मंजुळा कोन?”

“तुमच्यासमोर उभ्या आहेत त्या.”

“पर रेशनकार्डावर नकुसा लिवलंय.”

“कार्ड चुकलंय.”

“असं कसं, मॅडम? तुमी तसं लेखी देता का?”

“तेवीस वर्षांपूर्वीच दिलंय,” मी म्हणाले. “तुमच्या हातात आहे. त्यांना फोन द्या.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे मुलींचा कलकलाट होता. मग एक धापा टाकणारा, पण ओळखीचा आवाज.

“ताई?”

“आक्का.”

“बेडकी हाय का अजून?”

“आहे. पुस्तकात आहे, संग्रहालयात आहे. तुमच्या पाणवठ्यावर?”

“वराडतीया की. ह्या साली लई वराडली.” ती थांबली. “ताई, हितं पोरींच्या कानात नाव सांगत्यात. एक बाई हाय, समद्यांची आत्या झालीया. मला म्हनली, आज्जी, तुमचं कशाला आता?”

“फोन कानाला नीट लावलाय?”

“लावलाय.”

मी उठून उभी राहिले. का ते माहीत नाही, पण बसून सांगता आलं नसतं. “कुर्र...” मी म्हणाले, आणि मग हलक्या आवाजात, “मंजुळा.”

पलीकडे पोरींचा कलकलाट वाढला. मग ती म्हणाली, “जोरात म्हना ताई. ऐकू येत न्हाई आता.”

मी जीव खाऊन ओरडले. व्हरांड्यातले विद्यार्थी थांबले, शेजारच्या वर्गाचं दार उघडलं, आणि फोनमध्ये पोरींच्या हसण्यातून त्या कारकुनाचा आवाज आला.

“मॅडम, ऐकलं समद्यांनी. मारतो शिक्का.”